थंड प्रदेशात वेली नेचा हिवाळ्यातून कसा जगवावा?

नेचा म्हटले की पावसाळ्यात दगडी बांधांच्या सांदीतून उगवणारे हिरवे झुपके आपल्या डोळ्यांसमोर येतात. लायगोडियम या प्रजातीतले नेचे मात्र झुडपांना आणि झाडांना वेढे घालत वर चढतात. त्यांपैकी लायगोडियम फ्लेक्झुओसम ही जाती कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात आढळते. जपान, चीन आणि भारतापर्यंत पसरलेली लायगोडियम जॅपोनिकम ही जाती शोभेची वेल म्हणून जगभर कुंड्यांत लावली गेली आहे. या वेलींचा खरा कस लागतो तो दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडणाऱ्या प्रदेशांत. लंडनच्या उपनगरात, न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात उन्हाळाभर हिरवीगार राहिलेली वेल शरद ऋतूतल्या एखाद्या निरभ्र रात्रीनंतर तपकिरी होऊन लोंबू लागते, आणि ती मेली असे समजून बहुतेक जण कुंडी रिकामी करतात. त्यांतल्या कितीतरी वेली तेव्हा जिवंत असतात. हिवाळ्यात या नेच्याची राखण करणे म्हणजे त्याच्या जमिनीखालच्या खोडाची राखण करणे होय. वरचा हिरवा पसारा टिकला तर उत्तमच, पण सारे प्रयत्न त्यावर खर्च करणे माझ्या मते चुकीचे आहे.

याचे कारण या वनस्पतीच्या रचनेत आहे. मधुमालती किंवा मनीप्लांट यांच्या वेलीत जे चढते ते खोड असते आणि त्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर नवा फुटवा काढू शकणारा डोळा असतो. लायगोडियममध्ये जे चढते ते पान असते. जमिनीतून वर आलेली प्रत्येक दोरी हे एकच पान आहे. त्याच्या मधल्या कण्याचे टोक वाढायचे थांबत नाही, ते आधाराभोवती गोल फिरत वर सरकत राहते, आणि अनुकूल हवामानात जॅपोनिकम जातीचे असे एक पान ३० मीटरपर्यंत लांब होऊ शकते. आपण ज्यांना पाने समजतो त्या या एका पानाच्या पर्णिका असतात. कणा जवळून पाहिला तर ठरावीक अंतरावर त्यातून अगदी आखूड फांदीसारखा भाग निघालेला दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पर्णिका असते आणि दोहोंच्या मधोमध केसाळ ठिपक्याएवढे एक झोपलेले टोक असते. मुख्य शेंडा मोडला किंवा करपला तर यांतले एखादे टोक जागे होऊन पुढची वाढ सुरू करते. म्हणून दहिवराने फक्त शेंडा आणि वरच्या पर्णिका काळवंडल्या असतील, तर सगळी वेल मुळापासून छाटण्याची घाई करू नये. कणा जिथपर्यंत हिरवा आणि लवचिक आहे तिथपर्यंत तो ठेवावा.

खरे खोड बोटभर जाडीचेसुद्धा नसते. ते मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतच आडवे पसरते, त्याच्यावर काळपट केसांचे आवरण असते आणि त्याच्या टोकापाशी पुढच्या पानांचे कोंब तयार होत असतात. ज्यांनी हळदीची शेती पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल, कारण तिथेही पाला वाळून गेला तरी जमिनीतले गड्डे जिवंत असतात. हळदीचे गड्डे मात्र मांसल असतात, ते खणून कोरड्या जागी ठेवले तरी महिनोन्‌महिने टिकतात. लायगोडियमच्या बारीक खोडात तेवढा साठा नसतो. ते पूर्ण कोरडे पडले तर काही आठवड्यांत मरते, त्यामुळे हिवाळ्यात कुंडीचे पाणी अजिबात बंद करणे हे थंडीइतकेच घातक ठरते.

थंडीने पान मरते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले की पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात. पानातले पाणी गोठून पेशी आतून फुटतात अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण बहुतेक वेळा बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत तयार होतो, कारण तिथल्या पाण्यात क्षार आणि शर्करा कमी असतात. हा बाहेरचा बर्फ पेशींच्या आतले पाणी ओढून घेतो आणि पेशी आकसत जातात. आकसताना त्यांच्या नाजूक पडद्यांची मोडतोड होते, आणि सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की फाटक्या पडद्यांतून पेशीरस बाहेर झिरपतो. दहिवर खाल्लेली पाने दुपारपर्यंत ओलसर, काळपट आणि शिजवल्यासारखी दिसतात ती यामुळे. थंड हवामानातल्या वनस्पती दिवस लहान होऊ लागताच पेशींत शर्करा साठवतात, पडद्यांतल्या मेदाची घडण बदलतात आणि या आकसण्याला तोंड देण्याची तयारी करतात. उष्ण कटिबंधातल्या जातींना ही तयारी फारशी जमत नाही, आणि काहींना तर पाणी गोठण्याचीही गरज लागत नाही. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिला तरी त्यांच्या पेशींचे पडदे ताठरतात आणि पाने पिवळी पडू लागतात.

दहिवराची रात्र ओळखणेही शिकता येते. आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि हवा कोरडी असते. अशा रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात, त्यामुळे हवामानाच्या अंदाजात किमान तापमान २ किंवा ३ अंश सांगितलेले असूनही गवतावर आणि पर्णिकांवर बर्फाचा थर दिसू शकतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, त्यामागे हेच कारण असते. नाशिक जिल्ह्यात निफाड भागातले द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. पाणी सोडण्यामागचे शास्त्र आपल्या नेच्यालाही लागू पडते. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे ओलसर माती शून्य अंशापाशी बराच वेळ रेंगाळते, तर कोरडी माती झपाट्याने त्याखाली जाते. थंडीची लाट येण्याच्या आदल्या दिवशी जमिनीतल्या वेलीला दुपारी बेताचे पाणी द्यावे असे जाणकार सांगतात ते याचसाठी. पाणी मातीला द्यायचे असते, पानांवर शिंपडायचे नसते.

आपल्याकडे कोणती जाती आहे यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो. जॅपोनिकम ही जाती जपानच्या नैऋत्य भागात थंडी सोसत आली आहे. तिची पाने दहिवराने जळतात, पण खोड मातीखाली तग धरते. अमेरिकेत हिवाळ्यातल्या सरासरी नीचांकी तापमानावरून प्रदेशांचे क्रमांक ठरवले आहेत. त्यांतल्या आठव्या पट्ट्यात, म्हणजे जिथे वर्षाचा नीचांक उणे १२ ते उणे ७ अंशांच्या दरम्यान असतो अशा डॅलस किंवा अटलांटासारख्या भागांत, ती आच्छादनाखाली सहसा जगते. सातव्या पट्ट्यात, म्हणजे न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात, भरवसा देता येत नाही आणि तिथे मी कुंडीचाच आग्रह धरेन. लंडनमध्ये थंडी त्यामानाने सौम्य असते, पण तिथला हिवाळा महिनोन्‌महिने ओला आणि ढगाळ असतो. गार, चिखलट मातीत खोड कुजते आणि ते नुकसान गोठण्यापेक्षा अधिक वेळा होते. सह्याद्रीतली फ्लेक्झुओसम किंवा पाणथळ जागी वाढणारी लायगोडियम मायक्रोफायलम या जातींना बाहेर ठेवण्याचा प्रयोग थंड देशांत करूच नये. (कोकणातून खोडाचा तुकडा सामानात घालून नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय देशांत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय मातीसह रोप नेणे बेकायदा आहे. रोप स्थानिक रोपवाटिकेतूनच घ्यावे.)

या सगळ्याला अपवाद ठरणारी एक जाती आहे. पूर्व अमेरिकेत वाढणारी लायगोडियम पामेटम बर्फातही हिरवी राहते. हिवाळ्यात घरे सजवण्यासाठी लोक ती इतकी ओरबाडून नेत की कनेक्टिकट राज्याने १८६९ मध्ये तिच्या रक्षणासाठी कायदा केला. एखाद्या रानटी वनस्पतीला वाचवणारा तो अमेरिकेतला पहिला कायदा मानला जातो. ज्यांच्याकडे आम्लधर्मी, ओलसर आणि निकृष्ट माती आहे त्यांनी रोपवाटिकेत वाढवलेली ही जाती जरूर लावावी, मात्र इतर कोणत्याही मातीत ती हट्टी ठरते.

जॅपोनिकम जमिनीत लावलेली असेल तर पहिल्या दहिवरानंतर तिच्या बुंध्याभोवती वाळकी पाने, पाइनच्या सुया किंवा सालीचा भुगा यांचे १० ते १५ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. हे आच्छादन उष्णता निर्माण करत नाही. जमिनीत उन्हाळ्यापासून साठलेली ऊब रात्री निसटून जाऊ नये एवढेच त्याचे काम आहे, म्हणून माती पुरती थंड होण्याआधी ते घालणे महत्त्वाचे ठरते. ते पोकळ असले पाहिजे, कारण उष्णता अडवते ती त्यात अडकलेली हवा. ओल्या पानांचा दाबून बसलेला थर हे काम करू शकत नाही, उलट खोडाला कुजवतो. आच्छादनाचा आणखी एक उपयोग असतो. माती दिवसा वितळून रात्री गोठत राहिली की ती फुगते आणि बसते, आणि या हालचालीत वरच्या थरातले बारीक खोड हळूहळू उघडे पडते. आच्छादनामुळे तापमानाचे हे हेलकावे मंदावतात. वर बर्फ पडला तर तो काढू नये. भुसभुशीत बर्फ हे उत्तम पांघरूण आहे.

वाळलेल्या वेलीचे काय करावे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. वाळलेले कणे तारेसारखे चिवट असतात, ते झाडावर तसेच लोंबत राहतात आणि पुढच्या वसंतात नवी पाने त्यांच्याच आधाराने वर चढतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात याने मोठे संकट उभे केले आहे. जॅपोनिकम तिथे शोभेची वेल म्हणून आली आणि बागांबाहेर पसरली. जमिनीलगत सरकणारी आग एरवी पाइनच्या जंगलांना फारशी इजा करत नाही, पण थंडीने वाळलेल्या या नेच्यांवरून ती थेट झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचते. दक्षिण फ्लोरिडात, एव्हरग्लेड्सच्या परिसरात, मायक्रोफायलमने झाडांचे समूहच्या समूह झाकून टाकले आहेत. तिचा उत्तरेकडचा प्रसार थोपवणाऱ्या गोष्टींत थंडी ही एक प्रमुख गोष्ट आहे. फ्लोरिडा राज्याने या दोन्ही जातींना उपद्रवी वनस्पतींच्या यादीत टाकले आहे. जिथे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा दमट असतो अशा भागांत राहणाऱ्यांनी लायगोडियमच्या या परदेशी जाती लावूच नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. इतरांनीही बीजाणू धरणाऱ्या पर्णिका वेळीच काढाव्यात. त्या ओळखणे सोपे असते. त्यांच्या कडांना बारीक बोटांसारखे दाते फुटलेले असतात, त्या इतर पर्णिकांपेक्षा अधिक चिरलेल्या दिसतात, आणि पिकल्यावर त्यांना धक्का लागताच तपकिरी पिवळसर भुकटी उडते. अशा पर्णिका पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकाव्यात, खताच्या ढिगात टाकू नयेत.

आता कुंडीकडे वळू. जमिनीतल्या खोडाला फक्त वरून थंडी लागते, कुंडीतल्या खोडाला ती चारी बाजूंनी लागते, त्यामुळे जी जाती जमिनीत उणे दहा अंशांतही जगली असती ती कुंडीत त्याहून कितीतरी सौम्य रात्री मरू शकते. कुंडी आत आणणे हाच सुरक्षित मार्ग आहे, आणि तो दोन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा गार विश्रांतीची आहे. न तापवलेले काचघर, गॅरेज किंवा जिन्याखालची खोली अशी जागा शोधावी, जिथे पारा ३ ते १० अंशांच्या दरम्यान राहतो आणि शून्याखाली कधीच जात नाही. जॅपोनिकमची पाने तिथे पिवळी पडून वाळतात. वाळलेला भाग मातीपासून चार बोटे सोडून कापावा, आणि कुंडीला तीन-चार आठवड्यांतून एकदा, वरची माती कोरडी लागली तरच, थोडे पाणी द्यावे. झोपलेल्या वेलीला उजेडाची फारशी गरज नसते. दुसरी तऱ्हा वेल जागी ठेवण्याची आहे, आणि फ्लेक्झुओसमसारख्या जातींना तीच लागते. खोलीचे तापमान १५ अंशांच्या वर हवे, खिडकीतून भरपूर पण थेट नसलेला उजेड यायला हवा आणि हवा दमट हवी.

दोहोंपैकी पहिली तऱ्हा जॅपोनिकमसाठी मला अधिक पसंत आहे. तापवलेल्या घरात हिवाळ्यात हवा फार कोरडी होते, उजेड अपुरा पडतो, आणि ऊब मिळाल्यामुळे वेल वाढू पाहते पण तिला पोसायला ऊन नसते. त्यातून फिकट, लांबुडके, दुबळे कणे निघतात आणि खोडातला थोडाफार साठा वसंत येण्याआधीच खर्च होतो. तरीही घरातच ठेवायची असेल तर कुंडी रेडिएटरपासून दूर, शक्य तर उजेड असलेल्या न्हाणीघरात ठेवावी. दिवसातून दोनदा पाणी फवारल्याने हवेचा दमटपणा जेमतेम काही मिनिटे वाढतो. त्यापेक्षा पसरट ताटात खडे आणि पाणी घालून त्यांवर कुंडी ठेवणे, किंवा आठ-दहा कुंड्या एकत्र मांडणे अधिक उपयोगी पडते. खत मुळीच देऊ नये. पर्णिकांच्या पाठीमागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या कापसाने पुसून काढावेत. तेलयुक्त कीटकनाशके नेच्यांना सहसा मानवत नाहीत, त्यांनी कोवळ्या पर्णिका करपतात.

वेल आत आणण्याची वेळ पहिल्या दहिवराआधीची असते, आणि तेव्हा एक अडचण हमखास उभी राहते. उन्हाळाभर कुंपणाच्या जाळीत गुंतलेली वेल सोडवता येत नाही. कणा वाटतो तितका लवचिक नसतो. तो उलट्या दिशेने ओढला की वेढ्याच्या जागी दुमडतो, आणि दुमडला की त्याच्या वरचा भाग दोन-तीन दिवसांत सुकतो. यावरचा उपाय शरदात सापडत नाही, तो वसंतातच करून ठेवावा लागतो. कुंडीतच तीन बांबूच्या काठ्या रोवून त्यांची टोके एकत्र बांधावीत, किंवा वरून नायलॉनचे बारीक धागे सोडावेत, आणि वेलीला दुसरीकडे कुठेही जाऊ देऊ नये. जाड काठीपेक्षा या नेच्याला बारीक धागा अधिक भावतो, कारण त्याच्या टोकाला लहान घेराचे वेढे सहज घालता येतात. मग ऑक्टोबरमध्ये काठ्यांसकट कुंडी उचलली की काम संपते. आत आणण्यापूर्वी पर्णिकांची पाठ आणि कुंडीचा तळ नीट तपासावा, गोगलगायी तिथेच दडून बसतात.

मार्चमध्ये सगळे वाळलेले दिसत असेल तर खोड जिवंत आहे की नाही हे हाताने तपासता येते. बोटाने वरची माती हलकेच बाजूला करून खोडाचा लहानसा भाग उघडा करावा आणि नखाने जरासा खरवडावा. आतला भाग टणक आणि फिकट असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी, पोकळ किंवा बोटाखाली चिरडला जाणारा भाग मेलेला असतो, पण म्हणून सगळी कुंडी मेली असे ठरत नाही. इतर भागात, विशेषतः कुंडीच्या भिंतीपासून दूर असलेल्या मातीत, जिवंत तुकडा सापडू शकतो. लायगोडियम उशिरा जागे होते. इतर नेच्यांचे गुंडाळलेले कोंब उलगडून गेले तरी याची हालचाल दिसत नाही, आणि थंड प्रदेशांत मे उजाडेपर्यंत किंवा त्यानंतरही वाट पाहावी लागते. जून संपेपर्यंत कुंडी रिकामी करू नये. या काळात पाणी हळूहळू वाढवावे आणि कोंब बोटभर वर आल्यानंतरच पातळ केलेले खत सुरू करावे.

बाहेर नेताना घाई करू नये. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मे महिन्यातही दहिवराची एखादी रात्र येते, आणि नुकताच उलगडणारा कोंब जुन्या पानापेक्षा कितीतरी नाजूक असतो. आठवडाभर कुंडी दिवसा सावलीत बाहेर आणि रात्री आत ठेवावी, मग कायमची बाहेर न्यावी. भर उन्हात ती एकदम ठेवली तर घरातल्या मंद उजेडात वाढलेल्या पर्णिका दोन दिवसांत पांढुरक्या पडतात.

वेल जोमात असेल तर याच वेळी खोडाची विभागणी करावी. धारदार सुरीने त्याचे असे तुकडे करावेत की प्रत्येकाला किमान एक कोंब आणि मुळांचा झुपका राहील, आणि ते कोकोपीट, पानांचे कुजलेले खत व जाडसर वाळू यांच्या निचरा होणाऱ्या मिश्रणात, पूर्वी जितक्या खोलीवर होते तितक्याच खोलीवर लावावेत. जुनी वेल जमिनीत ठेवायची असेल तरी एक तुकडा कुंडीत वाढवून प्रत्येक हिवाळ्यात आत घ्यावा. ज्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा तीव्र असेल त्या वर्षी बाहेरचे खोड आच्छादनाखालीही मरू शकते, आणि तेव्हा नव्याने सुरुवात करायला हीच कुंडी कामी येते.